आमच्या घरात फिल्टर नाही

४ जानेवारी, रविवार. संध्याकाळ

नवीन वर्षापासून रोजनिशी. पहिले तीन दिवस लिहिता आली नाही, कारण लेक-जावई मुक्कामाला होते आणि त्या कालव्यात गंभीर माणसाला विचार करता येत नाही. आज दुपारी दोघं मँचेस्टरला परत गेले.

संकल्प: कमी बोलायचं, जास्त ऐकायचं, मूर्खांशी वाद घालायचा नाही. पहिले दोन सोपे आहेत. तिसरा कठीण, कारण निवृत्तीनंतर कॉव्हेंट्रीत माझ्याशी वाद घालायला दुसरं कोणी उरलेलंच नाही.

सुरुवात जावयापासून. गिडियन. मुंबईच्या मराठी ज्यू घरातला, वाढला लंडनला, आजीमुळे मोडकंतोडकं मराठी येतं. लेक वरदा म्हणते मुलगा चांगला आहे. असेल. निघताना हॉलमधल्या कपाटापाशी थांबून त्याने विचारलं की बाबा, हीटिंगचा फिल्टर शेवटचा कधी बदलला? मी म्हणालो, आमच्या घरात फिल्टर नाही. तो म्हणाला, असतोच, आणि नियमित बदलावा लागतो, नाहीतर तीच धूळ घरभर फिरत राहते.

मी छातीचा डॉक्टर. उभी हयात इथल्या हॉस्पिटलात लोकांची फुप्फुसं ऐकण्यात गेली. आणि मला हवा शिकवतो कोण, तर लॅपटॉपपुढे बसून इन्शुरन्स कंपन्यांचं सॉफ्टवेअर दुरुस्त करणारा.

नोंदीसाठी लिहून ठेवतो. आमच्याकडे रेडिएटर नाहीत. सत्तरच्या दशकातलं घर, वॉर्म एअर हीटिंग. कपाटात एक युनिट आहे, ते घरातली हवा ओढतं, गॅसवर तापवतं आणि भिंतींतल्या जाळ्यांमधून खोल्यांत सोडतं. आमच्या रस्त्यावरच्या बाकी सगळ्यांनी ते उपटून बॉयलर बसवले. मेंढरं आहेत.

बायको, सुहासिनी, नोव्हेंबरपासून खोकते आहे. कोरडा खोकला. कारण उघड आहे. दिवाळीचं तूप.

८ जानेवारी, गुरुवार

तूप बंद केलं. खोकला चालूच. म्हणजे तूप नव्हे. निदान बदललं: रियाझाचा अतिरेक.

इथल्या मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात तिचं गाणं आहे. इतकी वर्षं कोरसमध्ये मागच्या रांगेत गात आली, या वेळी पहिल्यांदा एकटीचं. २१ मार्चला. रोज सकाळी हार्मोनियम घेऊन बसते, चार ओळी गाते आणि खोकते. मी काही हरकत घेतलेली नाही. उलट वर्तमानपत्र घेऊन दुसऱ्या खोलीत जातो.

आज तिने विचारलं, माझी छाती एकदा तपासता का. मी समजावलं की डॉक्टरने घरच्या माणसाला तपासू नये, हे वैद्यकातलं मूळ तत्त्व आहे. मग जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, जाऊ का, म्हणाली. आमची जीपी म्हणजे माझ्याच हाताखाली शिकलेली मुलगी, वॉर्डमध्ये च्युइंगम चघळायची. ती माझ्या बायकोची छाती ऐकणार आणि मला अक्कल शिकवणारं पत्र लिहिणार. अजिबात नको. मी तत्त्वाने तपासत नाही, आणि माझ्यापेक्षा चांगलं कोणी तपासू शकत नाही. तेव्हा तपासण्याचा प्रश्न मिटला.

१२ जानेवारी, सोमवार

गिडियनकडून पार्सल. घरातली हवा मोजायचं यंत्र, साबणाच्या वडीएवढं. हवा चांगली असेल तर हिरवा दिवा, बरी असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. पाच वर्षांच्या पोराला सिग्नल शिकवायला ठीक आहे.

बैठकीच्या खोलीत ठेवलं. लाल. जाळीजवळ ठेवलं. लाल, आणि वर टीं टीं असा आवाज. बागेत नेऊन ठेवलं. हिरवा. यावरून एकच निष्कर्ष निघतो. यंत्र घराबाहेर वापरण्यासाठी बनवलेलं आहे.

सुहासिनी म्हणाली, दुसराही एक निघतो. मी तिला पुढे बोलू दिलं नाही. बोललं की खोकला वाढतो.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

यंत्राची योग्य जागा सापडली. फ्रिज. दाराच्या कप्प्यात, लिंबाच्या लोणच्याशेजारी. कायम हिरवा. शास्त्रात परिस्थिती नियंत्रित ठेवावी लागते, हे या सॉफ्टवेअरवाल्यांना कुठलं माहीत. वरदाला फोटो पाठवला, अगदी जवळून, नुसत्या दिव्याचा. तिचा अंगठा आला.

तिळगूळ खाताना सुहासिनीला ठसका लागला. निदान: तीळ.

१८ जानेवारी, रविवार

फिल्टरचा विषय कायमचा संपवायचा म्हणून आज युनिटचं दार उघडलं. एवढ्या वर्षांत गरज पडली नव्हती. दोन स्क्रू होते, त्यातला एक हरवला. तो बहुधा अनावश्यक असावा.

आत पाहून थक्क झालो. खाली, जिथून हवा आत शिरते तिथे, छान जाड, राखाडी, मऊ लोकरीचा थर. इन्सुलेशन. गोधडीसारखा एकसंध, कुठे फट नाही. बोट लावून पाहिलं, ते पहिल्या पेरापर्यंत आत गेलं. काय काम करायचे पूर्वीचे लोक! आताचे नुसते फोनवर बोलत व्हॅनमध्ये बसलेले असतात. दार लावून घेतलं. पाठोपाठ सात-आठ शिंका आल्या. यंदाची फ्लूची लस कुचकामी आहे.

फिल्टर नाही, हे सिद्ध झालं. गिडियनला मेसेज केला: नो फिल्टर, चेक्ड पर्सनली. त्याने फोटो मागितला. उत्तर दिलं नाही. माझ्या शब्दावर जगाने स्टेरॉइड घेतलेले आहेत.

२४ जानेवारी, शनिवार

घरात हळदीकुंकू. बायकांच्या कार्यक्रमात मी नसतो. वरच्या खोलीत होतो. पण खालचं सगळं बोलणं जाळीतून वर ऐकू येतं. वॉर्म एअरचा हा एक फायदा रेडिएटरवाल्यांना ठाऊक नाही.

पाहुण्यांना थंडी वाजू नये म्हणून हीटिंग पूर्ण वाढवून ठेवलं होतं. आधी एक खोकली, मग दुसरी, मग तिघी-चौघी. एकीने केलं की बाकीच्यांना करायचंच असतं. सीमा म्हणून एक बाई आहेत, मंडळाचा सेक्रेटरी अंशुमन याची बायको. त्या म्हणाल्या की सुहासिनीकाकू, तुमच्याकडे आलं की माझ्या डोळ्यांना पाणी येतं. भावुक बाई आहे.

मग सगळ्यांनी सुहासिनीला गायचा आग्रह केला. तिने सुरुवात चांगली केली. दुसऱ्या अंतऱ्याला खोकला आला. पुन्हा तिथूनच उचललं, पुन्हा खोकला. तिसऱ्यांदा सूर लागलाच नाही. हार्मोनियमचा भाता मिटल्याचा आवाज आला. कोणीतरी घाईघाईने वाण वाटायला घेतलं.

सगळ्या गेल्यावर ती ताटं आवरत होती. म्हणाली, मार्चमध्ये असंच झालं तर मी पुन्हा कधी गाणार नाही. रडत नव्हती, पण आवाज तसा होता. मी धीर दिला. म्हटलं, हा खोकला नव्हेच, ही स्टेजची भीती. नवीन निदान. हे मला आधीच सुचायला हवं होतं.

१ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस ऐतिहासिक.

सुहासिनीने श्रीखंडासाठी चक्का टांगला होता. सकाळी चक्का काढून फडकं नळावर लटकवलं आणि ती दुकानात गेली. मी चहा घेत त्या फडक्याकडे पाहत होतो. पाणी गळून जातं, चक्का आत राहतो. हवेचं वेगळं काय आहे? हवा जाईल, धूळ राहील. ज्या समाजाने पिढ्यानपिढ्या असली मलमल वापरली त्याने इंग्रजांची पुठ्ठ्याची चौकट का विकत घ्यावी? पैशाचा प्रश्न नाही, अकलेचा आहे.

फडकं चौपदरी केलं आणि त्या लोकरीच्या इन्सुलेशनवरून घट्ट बांधलं. गाठ चक्क्याचीच. फडकं जरा ओलसर होतं, पण ओल्या कापडाला धूळ जास्त चिकटते. धुवायला हवं होतं का, असा विचार क्षणभर आला. मोठी कामं करताना असल्या बारीकसारीक शंका येतातच.

फिल्टर नसलेल्या घरात आता फिल्टर आहे. लगेच अंशुमनला फोन करून पाडव्याच्या कार्यक्रमात 'घरातली हवा आणि आपण' या विषयावर भाषणासाठी एक तास मागितला. त्याने दहा मिनिटं दिली. दहा मिनिटांत मी श्वासनलिकेच्या खालीही उतरणार नाही. पण मंडळाच्या लोकांची झेप पाहता तेवढं पुष्कळ आहे.

४ फेब्रुवारी, बुधवार

घरात आंबट वास. सुहासिनी खोल्याखोल्यांतून हुंगत फिरली. म्हणाली, सगळ्या घराला विरजण लागल्यासारखं वाटतंय, तुम्हाला नाही येत वास? मी नाही म्हणालो. मला येत होता.

चक्क्याचं फडकं कुठे गेलं, असंही विचारलं. म्हणालो, माहीत नाही.

दुपारी युनिट बंद पडलं. बटण दाबलं, थोडा वेळ घरघरलं, पुन्हा बंद. जास्त तापलं की ते आपणहून बंद होतं. समजूतदार यंत्र आहे, विश्रांती घेतं आहे. या देशात सगळेच घेतात.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

घर गारठलं. काल दोघंही कोट घालून जेवलो. आज सुहासिनी सकाळच्या ट्रेनने वरदाकडे गेली. हीटिंग सुरू होईपर्यंत, म्हणाली. मला चला म्हणत होती. दोघांनीही घर सोडून कसं चालेल? शिवाय वरदाकडे रेडिएटर आहेत. रेडिएटरच्या घरात माझा जीव गुदमरतो.

भात लावला. खाली करपला, वर कच्चा राहिला. तांदूळ खराब आहे.

९ फेब्रुवारी, सोमवार

सुहासिनीचा फोन. मँचेस्टरला गेल्यापासून खोकला थांबला म्हणे. स्पष्टीकरण सोपं आहे. तिथली हवा इतकी दमट की खोकला भिजून जड होतो आणि वर येत नाही. आतल्या आत असतोच. हे तिला सांगितलं.

मग वरदाने फोन घेतला. इथे जन्मलेल्या मुलांचं मराठी ते तसलंच. म्हणाली, "बाबा, खोकला आईत नाही आहे. तुझा हवेत आहे."

मी तिला सांगितलं की हवा स्त्रीलिंगी आहे. तिने फोन ठेवला. टीका सहन होत नाही या पिढीला.

दुपारी फडकं काढलं. धुण्यासाठी, तात्पुरतं. निव्वळ योगायोगाने युनिट त्याच वेळी सुरू झालं आणि सुरूच राहिलं. विश्रांती पुरी झाली असावी. मँचेस्टरला मेसेज: हीटिंग मी स्वतः दुरुस्त केलं आहे, परत ये.

१५ फेब्रुवारी, रविवार

सुहासिनी शुक्रवारी आली. चेहरा उजळला होता. कोट न काढताच तिने सूर लावून पाहिला आणि तो स्वच्छ लागला. माझ्याकडे पाहून हसली. मला फार बरं वाटलं, हे इथे नोंदवून ठेवतो.

काल संध्याकाळी घसा खाकरायला लागली. आज सकाळपासून पूर्वीसारखा खोकला. म्हणजे उघड आहे, मँचेस्टरहून घेऊन आली. तिथल्या ट्राममध्ये कोण कोण खोकत असतं.

जेवताना तिने चमचा खाली ठेवला. म्हणाली, "अहो, तो फिल्टर तेवढा बदला. दुसरं मी काही मागत नाही."

मी शांतपणे म्हणालो की जी वस्तू नाही ती बदलता येत नाही. तिने आमटी तशीच ठेवली. आमटीत मीठ जास्त होतं खरं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

ती पुन्हा वरदाकडे गेली. या वेळी थंडीचं निमित्तही नव्हतं, घर चांगलं तापलेलं होतं. मोठी बॅग नेली. मी विचारलं, कधी येणार? म्हणाली, ते तुम्ही सांगा. मी काय सांगणार? ट्रेनच्या वेळा तर तिच्याच फोनवर असतात.

१ मार्च, रविवार

अंशुमनचा फोन. मला वाटलं भाषणाला वेळ वाढवून देतोय. तो म्हणाला, काका, सुहासिनीकाकूंच्या जागी कोणी गाणारं तुमच्या ओळखीत आहे का? मला काहीच माहीत नाही हे त्याला कळू न देता सगळं काढून घेतलं. ती कॉव्हेंट्रीत गाणार नाही. मँचेस्टरच्या मंडळात गाणार, त्याच दिवशी, २१ तारखेलाच. हे ठरून आठवडा झाला. अंशुमनला माहीत, त्याच्या बायकोला माहीत. मला नाही.

वाईट वाटलं. फोन ठेवून तिथेच उभा राहिलो. जाळीतून गरम हवा पायांवर येत होती. मग लक्षात आलं, मी भाषणाच्या तयारीत आहे हे तिला ठाऊक आहे. माझी एकाग्रता मोडू नये म्हणूनच सांगितलं नसणार. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोला एवढी समज येते.

८ मार्च, रविवार

गिडियन एकटाच गाडी घेऊन आला. हार्मोनियम न्यायला. सुहासिनीने सांगितलं म्हणे, तिथली उसनी पेटी बरोबर वाजत नाही.

मी चहा केला. त्याने अर्धा तसाच ठेवला. मग विचारलं, कपाट उघडून पाहू का? मी म्हणालो, बघ, म्हणजे तुझंही समाधान होईल. एकच स्क्रू होता, तो त्याने काढला. आत हात घातला आणि माझी ती राखाडी लोकर धरून ओढली. ती सबंध बाहेर आली. मागून एक पत्र्याची चौकट आली, तिच्यावर पूर्वी कधीतरी जाळी असावी. चौकटीभर ती गोधडी, एका बाजूने लोंबणारी. गालिच्याची धूळ, पिठाची, उदबत्तीची, आमच्या दोघांच्या कातडीची, किती हिवाळ्यांची कोण जाणे.

"बाबा, हे फिल्टर आहे," तो म्हणाला.

मेलेलं मांजर धरावं तशी त्याने ती चौकट धरली होती, अंगापासून लांब. हसला नाही. हसला असता तर मला काहीतरी ऐकवता आलं असतं.

मी म्हणालो, म्हणजे ते इन्सुलेशनचंही काम करत होतं. तो हो म्हणाला. ती गोधडी काळ्या पिशवीत भरून त्याने बाहेर बिनमध्ये टाकली. गाडीतून नवा फिल्टर आणला. जानेवारीतच मागवला होता म्हणे, माझ्या युनिटचं नाव वरदाकडून घेऊन. बसवून देऊ का, विचारलं. मी म्हणालो, राहू दे, मी बसवीन. हातपाय शाबूत आहेत अजून.

हार्मोनियम त्याने एकट्यानेच उचलली. दारात थांबून म्हणाला, "बाबा, २१ला या. आई तुमच्यासाठी पुढची खुर्ची ठेवणार आहे."

मी म्हणालो, त्या दिवशी माझं भाषण आहे.

१२ मार्च, गुरुवार

फिल्टर अजून भिंतीला टेकून आहे. चौकटीवर एक बाण छापलेला आहे, पण तो हवेने पाळायचा की मी, ते लिहिलेलं नाही. असल्या कंपन्यांना वाटतं, जगाला बाण वाचण्याखेरीज दुसरं काम नाही.

आणि भाषण आधी. मुद्दे काढले आहेत. पहिलंच वाक्य: घराची हवा ही घरातल्या माणसाची जबाबदारी आहे. वाचून दाखवायला घरात कोणी नव्हतं. आरशापुढे म्हणून पाहिलं. परिणाम चांगला होतो.

१७ मार्च, मंगळवार

फिल्टर बसवला. बाण युनिटच्या दिशेला. आधी उलटा बसवला होता, तो प्रयोगाचा भाग. सगळं काम चहा निवायच्या आत झालं. एवढ्याशा कामाचा या लोकांनी तीन महिने बाऊ केला.

हरवलेला स्क्रूही सापडला. तो अनावश्यक नव्हता.

संध्याकाळी फ्रिजमधून यंत्र काढून बैठकीत ठेवलं. लाल, मग बऱ्याच वेळाने पिवळा, निजायच्या सुमारास हिरवा. थंडीत राहून यंत्र सुधारलं.

सुहासिनीला अजून सांगितलेलं नाही. गाण्याआधी मन विचलित होईल. २१ला तिचं गाणं, २२ला रविवार. ती घरी येईल, कोट काढेल, श्वास घेईल आणि आपोआप समजेल. तिची रजई उन्हात टाकली. ऊन नव्हतं, पण टाकली.

२१ मार्च, शनिवार. पाडव्याचा कार्यक्रम

भाषण झालं. अंशुमनने माझी दहा मिनिटं जेवणाच्या वेळेत टाकली, पुऱ्या तळून होईपर्यंत लोक गुंतून राहावेत म्हणून. माइक नव्हता. अर्धे लोक ताटं घेऊन रांगेत, त्यांच्या पाठी माझ्याकडे. पहिलं वाक्य म्हणालो. एक मुलगी मोठ्याने म्हणाली की बटाट्याची भाजी संपत आली आहे, आणि उरलेले अर्धेही उठले. श्वासनलिकेपर्यंत पोचलो होतो. समाजाची लायकी नाही.

शेवटी प्रश्न विचारा म्हणालो. एकच प्रश्न आला. सीमा म्हणाल्या, डॉक्टरकाका, सुहासिनीकाकूंचा खोकला आता कसा आहे? मी म्हणालो, पूर्ण बरा. मग श्रीखंड आलं.

संध्याकाळी वरदाने व्हिडिओ पाठवला. मँचेस्टरच्या शाळेचा हॉल. सुहासिनीने निळी साडी नेसली होती, कधी घेतली कोण जाणे. पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी, त्यावर कोणीतरी कोट ठेवलेला. पहिला अंतरा झाला. दुसरा अंतरा आला. मी मोबाइल दोन्ही हातांनी धरला. ती खोकली नाही. सरळ वर गेली, थांबली, मजेत खाली आली, हसली. तिचा आवाज असा आहे हे मला माहीत नव्हतं. मी नेहमी दुसऱ्या खोलीत असायचो.

पुन्हा लावला. डोळ्यांना पाणी आलं. मोबाइलच्या स्क्रीनचा त्रास.

२२ मार्च, रविवार

भात चांगला झाला होता. दोघांचा केला होता. ती आली नाही. रविवारी ट्रेनचे घोळ असतातच, कुठेतरी रुळांचं काम चालू असणार.

२९ मार्च, रविवार

आज घड्याळं एक तास पुढे केली. हा यांचा आणखी एक वेडेपणा.

दुपारी मीच सुहासिनीला फोन केला. सगळं रीतसर सांगितलं. फिल्टर बदलला, बाण बरोबर, यंत्र हिरवं, घरात आता धुळीचा कण नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं. छान केलंत म्हणाली, आता थंडीत वरचेवर बदलत जा, विसरू नका, तुमच्याच छातीला बरं.

मग कधी येतेस, विचारलं.

ती म्हणाली की तिने तिथे गाण्याची शिकवणी सुरू केली आहे. चार बायका येतात, गिडियनची आई लंडनहून फोनवर शिकते. वरदाने मागची खोली तिला दिली आहे. मी म्हणालो, शिकवणी इथेही घेता येईल, हवा आता एकदम स्वच्छ आहे.

"हवेबद्दल नाही बोलत मी," ती म्हणाली. मग, "जेवलात का तुम्ही?"

मी हो म्हणालो. मागे कोणीतरी तिला हाक मारली आणि हार्मोनियमवर एक सूर धरला. तिने फोन ठेवला.

नोंदीसाठी: फिल्टर बसवल्यापासून या घरात एकदाही खोकल्याचा आवाज आलेला नाही. उपचार शंभर टक्के लागू पडला. आता हे सांगायचं कोणाला, एवढंच राहिलं आहे.